एकोणपन्नास पट्ट्या

खोली भाड्याने देण्याआधी काकांनी मला टाळी वाजवायला सांगितली.

गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत त्यांचं घर होतं. खाली ते आणि काकू, वर बाहेरच्या जिन्याने जायची एक खोली. मी सटाण्याहून आलेली, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारी, एकटी राहणारी मुलगी. अशा मुलीला घरमालक काय काय विचारतात ते मला पाठ झालं होतं. क्लासचं पत्र, वडिलांचा फोन नंबर, गावच्या शिक्षकांची ओळख, सगळं फाइलमध्ये घालून गेले होते. त्यांनी फाइलकडे पाहिलंही नाही.

"मधोमध उभी राहा आणि एकदाच टाळी वाजव."

मी वाजवली. डोळे मिटून, एक बोट वर धरून ते उभे राहिले. थोड्या वेळाने बोट खाली आलं. "आता चपला घालून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाल," असं म्हणून ते स्वतः खाली गेले. रिकाम्या खोलीत मी एकटीच फेऱ्या मारत राहिले. खालून आवाज आला, "टाच आधी टेकवतेस. रबरी सपाता घे, म्हणजे चालेल."

खोली मिळाली. काकू जिन्यात हळूच म्हणाल्या, "आधीच्या मुलाला शिंक मोठी येते म्हणून नाही म्हणाले होते."

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. अंगाने बारीक, पांढरा शर्ट, खिशात पेन्सिल. जिथे जातील तिथे वस्तूंवर बोटाच्या पेराने टकटक करायची त्यांना सवय होती. भोपळा, नारळ, दार, लोकांच्या घरची कपाटं. एका लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाला आलेल्या आहेराच्या हंड्यांवर टकटक करून त्यातला एक तडकलेला आहे असं जाहीर केलं होतं, आणि तो खरोखरच तडकलेला निघाला होता. त्या घरून त्यांना पुन्हा बोलावणं आलं नाही.

कॉलनीत त्यांची धास्ती होती. कुणाच्या पाण्याच्या मोटारीचं बेअरिंग गेलंय, कुणाचा पंखा कुरकुरतोय, हे ते रस्त्यातून जाता जाता सांगत. शेजारच्या बंगल्याच्या मालकांना त्यांनी पत्र पाठवलं होतं, तेही रजिस्टर्ड: 'आपल्या गाडीचा हॉर्न दोन स्वरांचा असून ते दोन स्वर एकमेकांशी जुळत नाहीत. कृपया दोहोंपैकी एक काढून टाकावा.' शेजाऱ्यांनी त्यानंतर दोन वर्षं बोलणं टाकलं.

आणि ते बोट. कुठलाही आवाज झाला की बोट वर, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत ते खाली येत नसे. देवळातली घंटा असो, पडलेला चमचा असो. "लोक आवाजाची सुरुवात ऐकतात," ते म्हणत, "शेवट कुणी ऐकत नाही." माणसांशी बोलतानाही तसंच. तुमचं वाक्य संपलं तरी ते लगेच उत्तर देत नसत, जरा थांबत. नव्या माणसाला वाटायचं, यांना पटलेलं नाही. माझ्या आईला मात्र हे फार आवडायचं. ती फोनवर त्यांच्याशी अहिराणीत बोलायची, आणि फोन ठेवल्यावर ते मला सांगायचे, "तुझी आई 'आहे'ला 'शे' म्हणते ना, तेव्हा शब्द जागेवर न थांबता थोडा पुढे जातो."

मी त्या वेळी फावल्या वेळात केबलवरच्या जाहिरातींना संगीत करून देत असे. साड्यांची दुकानं, लासलगावचं ट्रॅक्टरचं शोरूम, असल्या वीस-वीस सेकंदांच्या जाहिराती. माझा वाद्यवृंद म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेला छोटा कीबोर्ड आणि कुणाकडून तरी कॉपी करून घेतलेली आवाजांची सीडी. एका रविवारी सकाळी मी एक धून वाजवत बसले होते. दारावर टकटक झाली.

"हे काय वाजतंय?" काका दारात उभे.

"मरिंबा आहे, काका. लाकडी पट्ट्यांचं वाद्य असतं, काठीने–"

"मरिंबा मला माहीत आहे. हा मरिंबा नाही. हा तेलाचा रिकामा डबा आहे. आणि प्रत्येक वेळी तोच डबा, त्याच जागी, तेवढ्याच जोराने. माणूस असा वाजवेल का? चल खाली."

मागच्या खोलीत भिंतीला लागून चादरीखाली काहीतरी लांबलचक उभं होतं. मला वाटलं जुना झोपाळा असेल. त्यांनी चादर काढली. शिसवाच्या एकोणपन्नास पट्ट्या, डावीकडे हातभर लांब, उजवीकडे वीतभर, आणि प्रत्येक पट्टीखाली एकेक नळी लटकलेली. एका शाळेने संगीताची खोली मोडली तेव्हा हे भंगारात निघालं होतं. लाकूडवाला पट्ट्या सुट्या करून नेणार होता. काका तिथे कपाटं बघायला गेले होते, त्यांनी सवयीने टकटक केली आणि संपूर्ण वाद्य टेम्पोत घालून घरी आणलं. त्यांना ते वाजवता येत नव्हतं. घरात कुणालाच येत नव्हतं.

त्यांनी डावीकडच्या एका पट्टीवर काठी मारली. विहिरीत खोलवर कुणीतरी आपलं नाव घ्यावं तसा आवाज आला. बोट वर गेलं. मीही नकळत श्वास धरला.

"आता सांग," बोट खाली आल्यावर ते म्हणाले, "तुझ्या यंत्रात आवाज जातो कसा?"

मी सांगितलं. खऱ्या वाद्याचा एकेक सूर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरमध्ये ठेवतात. कीबोर्डचं बटण दाबलं की तो रेकॉर्ड केलेला सूर वाजतो. स्वस्तातल्या सीडीत एकाच पट्टीचा आवाज ताणून किंवा दाबून शेजारचे चार-पाच सूर बनवलेले असतात, म्हणून ते खोटे वाटतात.

"म्हणजे माझंच जुनं काम," ते म्हणाले. एक्स्चेंजमध्ये 'सर्व लाइन व्यस्त आहेत' असं सांगणाऱ्या बाईच्या आवाजाचं यंत्र त्यांच्याकडे असे. "ती बाई वारली, तरी अकरा वर्षं लोकांना सांगत होती. लोक तिला शिव्या घालायचे. मी रोज सकाळी यंत्र पुसायचो. वाटायचं, निदान तिचा आवाज घोगरा होऊ नये." मग पट्ट्यांकडे बघत म्हणाले, "या दर उन्हाळ्यात तडकतायत. मागच्या वर्षी एक बदसूर झाली, ती मी कशीबशी घासून सुरात आणली. अजून पाच-सात वर्षं. त्याआधी यांचे आवाज काढून ठेवायला हवेत. खरे."

असं ते काम सुरू झालं. प्रत्येक पट्टी चार जोरांनी वाजवायची, आणि प्रत्येक जोर चारदा, म्हणजे बटण दाबताना दर वेळी तोच डबा वाजणार नाही. एकोणपन्नास पट्ट्यांचे सातशे चौऱ्याऐंशी ठोके. काठ्यांच्या रबरी गोळ्यांवर काकूंनी लोकर गुंडाळून दिली, चार प्रकारची, मऊपासून टणकपर्यंत. दोनदा उसवून पुन्हा गुंडाळायला लावली तेव्हा त्या म्हणाल्या, "स्वेटर झाले असते एवढ्यात तीन."

पण ठोके मारायचे कुणी? काकांचा हात थरथरायचा. माझा एक ठोका दुसऱ्यासारखा पडत नसे. एका तबलजींना बोलावलं, तर ते प्रत्येक ठोक्यात काहीतरी म्हणायला बघत. काकांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

तेवढ्यात घरचा तांब्याचा बंब गळायला लागला. काकू तो घेऊन जुन्या नाशकात तांबट आळीला निघाल्या, काका सोबत गेले. आळीत तेव्हा मोजकीच दुकानं चालू होती. काकूंनी बंब एका दुकानात दिला आणि वळून बघतात तो काका गायब. चार दुकानं पलीकडे ते एका ओट्यासमोर उभे होते. आत एक म्हातारा घागरीवर मठारकाम करत होता, म्हणजे हातोडीने पृष्ठभागावर एकसारखे ठोके पाडत होता. पाऊण तास काका तिथून हलले नाहीत. काकूंनी ओढायचा प्रयत्न केला तेव्हा म्हणाले, "दोन ठोक्यांत केसाचा फरक नाही. ऐक."

ते नाना. सत्तरीचे, रुंद खांद्यांचे, कानाने ठार बहिरे. पन्नास वर्षं तांब्यावर ठोके घालून कान गेले होते. काकांनी पेन्सिलीने कागदावर लिहून विचारलं. नानांनी कागद दूर धरून वाचला आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वाजवायचं? मी? मला तर काय बी ऐकू येत नाय, साहेब!"

काकांनी लिहिलं, 'ऐकायचं काम माझं.'

त्या दिवसांत रोज दुपारी चार-चार तास वीज जायची. सगळं शहर लोडशेडिंगला वैतागलेलं, फक्त काका घड्याळ बघत वाट पाहायचे. वीज गेली की पंखे, मोटारी, टीव्ही, मिक्सर, सगळं एका क्षणात गप्प व्हायचं. "आता नाशिक ऐकू येतं," ते म्हणायचे. खिडक्यांना गाद्या लावायच्या. सेलवर चालणारा रेकॉर्डर माझ्या मांडीवर. माझ्या कानाला हेडफोन. काकू शेजारच्या खोलीत, हातातल्या बांगड्या वर सरकवून त्यावर रुमाल बांधून बसलेल्या. नाना काठी घेऊन उभे, डावा तळवा वाद्याच्या चौकटीवर टेकवून. काका बोट वर करून.

ठोका. वाट. बोट खाली. पुढचा ठोका.

रस्त्यावरून भाजीवाली ओरडत गेली की तो ठोका फुकट. कुत्रं भुंकलं, फुकट. एखाद्या दुपारी दोनच पट्ट्या पुऱ्या व्हायच्या.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी एक गोष्ट घडली. खालची, सर्वांत लांब पट्टी होती. नानांनी हलका ठोका दिला. काकांनी बराच वेळ बोट धरलं आणि मग खाली आणलं. नानांनी मान हलवली.

"अजून हाय."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. नानांचा तळवा चौकटीवर होता, डोळे मिटलेले. "अजून हाय... हाय... आता गेला."

वीज आल्यावर काकांनी मला तो ठोका कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवायला लावला. पडद्यावरची रेघ बारीक होत होत गेली होती, आणि त्यांचं बोट खाली आल्यानंतरही चांगली दोन सेकंद ती थरथरत होती. काका खुर्चीत मागे टेकले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, लहान मुलाला कुणी जादू दाखवल्यावर होतो तसा. दुसऱ्या दिवसापासून बोट वर करायचे ते काकाच, पण खाली आणायच्या आधी ते नानांकडे बघू लागले.

फेब्रुवारी संपेपर्यंत खालच्या सत्तावीस पट्ट्या झाल्या. मार्चमध्ये शेजारच्या बंगल्यात नव्या पद्धतीचा इन्व्हर्टर बसला. तो ठेवला होता नेमका आमच्या मागच्या खोलीच्या झरोक्यासमोर, आणि झरोका बंद केला तर आत जीव गुदमरला असता. पहिल्या दुपारी वीज गेली आणि हेडफोनमध्ये एक अगदी बारीक शीळ सुरू झाली, डास कानाशी अडकल्यासारखी. मी काकांकडे पाहिलं. पंख्याची कुरकुर रस्त्यातून ओळखणारा माणूस. ते आता गाद्या फाडून झरोक्यात कोंबतील असं मला वाटलं.

त्यांनी बोट वर केलं. नानांनी ठोका दिला. बोट खाली आलं.

"स्वच्छ," काका म्हणाले. "पुढची."

मला वाटलं, शीळ नंतर काढता येते हे त्यांना ठाऊक असेल. पण ती काढायला गेलं की वरच्या पट्ट्यांचं लाकूडच त्यातून निघून जात होतं. दोन दिवस मी गप्प राहिले. मग एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. मी 'साठावी फाइल' म्हटलं की त्यातला 'स' त्यांना ऐकू येत नसे, ते आठवी उघडत. आईशी फोनवर मात्र नीट बोलत, कारण फोनच्या तारेतून फार बारीक आवाज मुळात जातच नाहीत. हे त्यांनीच मला एकदा शिकवलं होतं. कॉलनीतले लोक म्हणायला लागले होते, साहेब हल्ली निवळले, कुणाला काही बोलत नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन काकूंना सांगितलं. त्या कणीक मळत होत्या. हात थांबले नाहीत.

"ह्यांना माझ्या बांगड्या ऐकू येत नाहीत आता," त्या म्हणाल्या. "वर्ष झालं. मी रुमाल बांधायचा सोडला एक दिवस, मुद्दाम. मागून चार वेळा गेले. मान वळली नाही. मग त्या दिवसापासून मीच पुन्हा बांधायला लागले."

"पण काकू, रेकॉर्डिंगमध्ये शीळ आहे. परवापासूनच्या सगळ्या पट्ट्यांवर."

"किती राहिल्यात?"

"एकोणीस."

"एवढं होऊ दे ग," काकू म्हणाल्या. कणकेचा हात त्यांनी माझ्या मनगटावर ठेवला. "हे काम हाताशी आहे तोवर ठीक आहेत. संपलं की मी सांगेन. मी सांगते, तू नको."

त्या दुपारी पहिल्यांदा काकांनी मला विचारलं, "काय ग, स्वच्छ ना?"

"स्वच्छ आहे, काका."

पुढचे तीन आठवडे ते रोज विचारत राहिले आणि मी रोज तेच सांगत राहिले. आता वाटतं, ते आधी कधी विचारत नसत. त्यांना काहीतरी जाणवलं असणार, आणि ज्या माणसाच्या कानावर विसंबायचं ठरवलं तो माणूस मी होते.

एप्रिलच्या शेवटी संच पुरा झाला. ओळखीतून मुंबईच्या एका संगीत संयोजकाचा पत्ता मिळाला होता, त्याला सीडी पाठवली. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. मी क्लासला होते. फोन काकांनी घेतला.

संध्याकाळी ते जिना चढून वर आले. दारात उभे राहिले, आत आले नाहीत.

"तो म्हणाला, खालच्या पट्ट्यांसारखं काम त्याने आपल्याकडे ऐकलेलं नाही. वरच्यांत शीळ आहे म्हणाला. कानाला टोचते. 'तुमच्याकडे कुणी ऐकून पाहिलं नाही का,' असं विचारलं त्याने मला."

मी उठून उभी राहिले.

"दाखव."

मी वरची एक पट्टी पडद्यावर मोठी करून दाखवली. ठोका पडायच्या आधीपासून ठोका विरून गेल्यानंतरपर्यंत, वरच्या बाजूला शिळेची एक सरळ रेघ होती.

"वाजव."

वाजवली. ते आत येऊन स्पीकरजवळ वाकले. "पुन्हा." पुन्हा वाजवली. मी आवाज इतका वाढवला की माझ्या दातांत कळ गेली. त्यांनी स्पीकरवर नानांसारखा तळवा टेकवला आणि डोळे मिटले. बराच वेळ तसेच होते. मग हात काढला आणि त्या हाताकडे बघितलं.

"तुला येत होतं ऐकू?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो, काका."

काकू मागून धापा टाकत आल्या होत्या. "मी सांगितलं होतं तिला. माझं ऐकून–"

"तू बायको आहेस," काका वळून म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. "तू खोटं बोलशील. ही ऐकायला बसली होती."

आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. कुणाशीच बोलले नाहीत. मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. मी खोली सोडायचं ठरवलं, बॅग भरली, आणि सोडते हे सांगायला खाली जायचं धाडस झालं नाही म्हणून राहिले.

नानांना कुणी काही कळवलंच नव्हतं. एका दुपारी वीज गेल्यावर ते नेहमीसारखे रिक्षाने आले आणि ओसरीवर बसले. काकूंनी हातवारे करून, काही लिहून त्यांना सांगितलं. नानांनी कागद वाचला. मग ते बंद दारासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात बोलायला लागले.

"साहेब! माझं सांगू का? मला कुणी सांगितलंच नाय. पोरं जोरात बोलाया लागली, बायको जोरात बोलाया लागली. मला वाटलं घरात भांडणं वाढली. लय वर्षं मी त्यांच्यावर रागावलेलो राह्यलो. कुणी बी सांगितलं नाय, तुला ऐकू येत नाय म्हणून." त्यांनी दारावर तळवा टेकवला. "तुम्हाला लौकर कळलं. चांगलं झालं. आता दार उघडा, काम राह्यलंय."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दार उघडलं. काकांची दाढी वाढलेली होती. त्यांनी नानांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"चप्पल घाल. शेजारी जायचंय."

शेजारचे मालक बनियनवर पोर्चमध्ये बसले होते. काकांना फाटकात बघून त्यांचा चेहरा आंबट झाला. "आता काय, साहेब? हॉर्न बदलला ना मी."

"हॉर्नचं नाही. तुमच्या इन्व्हर्टरला शीळ आहे. मला ती ऐकू येत नाही."

"ऐकू येत नाही, तर त्रास काय?"

"मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत," काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी कुणासमोर पहिल्यांदा उच्चारलं होतं, आणि तेही या माणसासमोर. "हिला येतात. माझ्या बावीस पट्ट्या राहिल्यात. तेवढ्यापुरता दुपारी दोन तास तो बंद ठेवाल का? विनंती आहे."

आत टीव्ही चालू होता, शेजाऱ्यांनी हाक मारून तो बंद करायला सांगितला. "मे महिना आहे, साहेब," ते म्हणाले. "ठेवतो. उद्यापासून ठेवतो." मग उठून त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. "बसा तरी."

पंखा नाही, इन्व्हर्टर नाही, गाद्यांनी कोंडलेली खोली आणि मे. घामाचा थेंब पट्टीवर पडून एक ठोका वाया गेला. आता बोट माझं होतं. काका वाद्याच्या मागे खुर्चीत बसत, तळवा चौकटीवर, नानांच्या तळव्याशेजारी. पहिल्या दिवशी मी नानांचे अकरा ठोके बाद केले. कारणं नानांना कळत नव्हती, पण तक्रार न करता ते पुन्हा मारत. बाराव्या वेळी काकांनी विचारलं, "आता काय?"

"लांब कुठेतरी कुकरची शिट्टी झाली."

"बाद," ते म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना बरं वाटलं.

बावीस पट्ट्यांना सतरा दिवस लागले. शेवटच्या दिवशी शेजाऱ्यांनी स्वतः येऊन विचारलं, झालं का म्हणून, आणि नानांच्या हातून एक ठोका मागून घेऊन ऐकला.

पुढच्या वर्षी मी पुण्याला नोकरीला गेले. तो संच मुंबईच्या त्या संयोजकाने वापरला, त्याच्याकडून आणखी लोकांनी नेला. अजूनही कधी एखाद्या मालिकेच्या मागे, कधी बँकेच्या जाहिरातीत मला नानांचा हात ऐकू येतो. काकांनी कानात यंत्र घातलं, पण त्यांना ते आवडलं नाही; माणसांचे आवाज त्यातून तारेतून आल्यासारखे येतात म्हणायचे. नाना आधी गेले, काका त्यानंतर दोन वर्षांनी. वाद्याचं काय झालं ते मी काकूंना विचारलं नाही.

पण मला राहून राहून आठवते ती जूनमधली एक सकाळ. सीडीचं कव्हर करायचं होतं. काका माझ्या खोलीत येऊन पहिल्यांदाच पलंगावर बसले आणि मजकूर सांगू लागले. मी टाइप करत होते. वाद्याचं नाव, शिसवाचं लाकूड, पट्ट्यांची संख्या. 'वाजवणारे' म्हणून नानांचं नाव, त्यांच्या वडिलांच्या नावासकट पूर्ण. 'लोकर' म्हणून काकूंचं नाव. मग त्यांनी 'ऐकणारे' असं सांगितलं, आणि मी न विचारता त्यांचं नाव टाइप केलं. प्रिंट काढून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी खिशातली पेन्सिल काढली. चष्मा वर करून कागद जवळ धरला. 'ऐकणारे' मधल्या शेवटच्या मात्रेवर रेघ मारून त्यांनी 'ऐकणारी' केलं. मग स्वतःचं नाव खोडलं आणि बाजूला माझं लिहिलं, माझ्या आडनावातलं दीर्घ नीट काढून.

"काका, हे नको," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत आहे मी काय केलं ते."

ते नेहमीसारखे थांबले. माझं वाक्य पूर्ण विरलं असावं असं त्यांना वाटेपर्यंत.

"शेवटच्या बावीस पट्ट्या कुणी ऐकल्या?" त्यांनी विचारलं.

"मी, पण–"

"मग लिही."

मी नाव टाइप केलं. प्रिंटरमधून कागद बाहेर येत होता तोवर ते दारात उभे होते, बाहेर बघत. कागद हातात घेऊन त्यांनी एकदा वाचला, घडी न घालता दोन बोटांत धरला आणि जिना उतरून गेले.

त्या कव्हरवर त्यांचं नाव कुठेही नाही. जागा भरपूर होती.